बावन्नने भागताना

लॉर्ना थ्वेट आली ती पावाची रिकामी पिशवी घेऊन.
पिशवी टेबलावर उलटी केली,
तर पगाराच्या चिठ्ठ्यांआधी चुरा पडला.
तो तिनं तळहातानं गोळा केला
आणि टाकायला कुठे जागा दिसेना म्हणून
कार्डिगनच्या खिशात ठेवला.

बॅरोच्या गोदीमागच्या शाळेत
ती पोरांना जेवण वाढते. अकरा वर्षं झाली.
वर्षातले अडतीस आठवडे.
उरलेले चौदा आठवडे शाळेला सुट्टी असते
आणि तिला जे असतं
त्याला आमच्या फॉर्मात चौकट नाही.

मागच्या नोव्हेंबरात डेझमंडनं
तिच्या पाच आठवड्यांच्या चिठ्ठ्या पाहिल्या,
त्याच वर्षभर ताणल्या.
त्या पाच आठवड्यांत कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन होतं,
बदलीवर ती सकाळच्या नाश्त्यालाही उभी राहत होती.
मग जानेवारीत शाळेचा पाइप फुटला,
चार दिवस कुलूप.
तेव्हाची चिठ्ठी इतकी हलकी
की पंख्याच्या वाऱ्यानं फाइलीखाली गेली.

नियम मला पाठ आहे.
कामाला ओळखू येण्याजोगं चक्र आहे का, ते आधी पाहा.
असेल तर अख्ख्या चक्राची कमाई मोजा,
सुट्ट्यांसकट सगळ्या आठवड्यांनी भागा.
येईल तो आकडा ही तिची कमाई,
डिसेंबरातली तीच, ऑगस्टमधलीही तीच.
घरभाड्याला मदत किती, ते त्यावरून.

"चक्र आहे का?" मी विचारलं.
"आहे की," ती म्हणाली.
"सप्टेंबरात धाकट्याचे बूट.
नाताळात उधारी.
फेब्रुवारीत उधारीवर उधारी.
जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी सगळे एकमेकींना मिठ्या मारतात
आणि मी उरलेला कस्टर्ड डब्यात भरून घरी नेते."
मी लिहिलं: चक्र आहे.

सात हजार तीनशे अठरा पौंड.
बावन्नने भागले.
एकशे चाळीस, बाकी अडतीस.
बाकीकडे मी जरा जास्त वेळ पाहत राहिलो.
यंत्रानं लगेच तिचे पेन्स करून टाकले.

"म्हणजे ऑगस्टमध्येही मी एकशे चाळीस कमावते?"
"कागदावर."
"मग माझ्या वतीनं ते घेतं कोण?"
ती चिडून विचारत नव्हती.
वाटेत सांडलं असेल तर मागे जाऊन शोधावं,
अशा सुरात विचारत होती.
मी समजावलं, की शाळा चालू असताना तुमची कमाई
आम्ही खऱ्यापेक्षा कमी धरतो,
मदत थोडी जास्त मिळते,
ते जास्तीचं बाजूला टाकायचं, सुट्टीसाठी.
"बाजूला," ती म्हणाली,
आणि तिचा हात खिशात गेला.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी
मी मुलीला घेऊन वॉल्नीच्या किनाऱ्यावर गेलो होतो.
कॅरव्हॅनच्या रांगेतून बादली घेऊन
लॉर्ना बाहेर आली, रबरी हातमोजे कोपरापर्यंत.
मी मान वळवली.
खरं सांगतो, मला पाहायचंच नव्हतं.
पाहिलं असतं तर विचारावं लागलं असतं.

तिनंच हाक मारली, वाऱ्यावरून, मोठ्यानं:
"लिहून घ्या! या आठवड्यात तीन तास.
पुढच्याचं अजून सांगितलं नाही त्यांनी."
माझ्या हातात आइस्क्रीम होतं,
मनगटावरून ओघळत होतं.
म्हटलं, सोमवारी या ऑफिसात.

"सोमवारी तुम्ही बंद," ती म्हणाली. "बँक हॉलिडे."
खरंच की.
मला त्या दिवशी सुट्टी होती.
पगारी.